कुपीतील चहा आणि ताटातील भाकरी

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या बोलण्यात अलीकडे एक नवा शब्द ऐकू येऊ लागला आहे. तो म्हणजे 'एल-थिअनिन'. चहाच्या पानात आढळणारे हे एक अमायनो आम्ल. ते कॅप्सूलच्या रूपात कुपीबंद होऊन औषधांच्या दुकानांत आणि इंटरनेटवरील बाजारपेठांत विकले जाते. मन शांत राहील, लक्ष विचलित होणार नाही, झोप न येता बुद्धी तल्लख राहील, असा त्याच्या जाहिरातींचा एकूण सूर असतो. ज्याच्यापुढे सहा महिन्यांवर परीक्षा आहे आणि घरून येणारा पैसा मोजका आहे, त्याला हा सूर मोहात पाडणारा वाटला तर नवल नाही. म्हणूनच या कुपीत नेमके काय आहे, शास्त्र त्याबद्दल काय सांगते आणि मुळात बुद्धीची तल्लखी हरवते कोठे, या तीन प्रश्नांचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

हा विषय केवळ पुण्याच्या पेठांपुरता नाही. पुणे-सातारा महामार्गावरून नसरापूरला पश्चिमेकडे वळले की तोरणा-राजगडाच्या वाटेवर विंझर लागते. पूर्वीचा वेल्हे आणि आताचा राजगड, अशा या तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम ५४ हजार. भातशेती, डोंगरउतार, धुवांधार पाऊस आणि मर्यादित रोजगार, ही या भागाची ओळख. विंझरला महाविद्यालय आहे, त्यामुळे पदवीपर्यंतचे शिक्षण गावाजवळ होते. त्यानंतर मात्र 'एमपीएससी', पोलीस भरती किंवा बँकेची परीक्षा यांसाठी पुण्याची वाट धरण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या परिसरातील खाटेपुरत्या जागेत राहणारी, खानावळीचा डबा खाणारी आणि दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत काढणारी मुले-मुली अशाच गावांतून आलेली असतात. त्यांच्या खिशातून महिन्याला काहीशे रुपये एखाद्या कुपीवर जात असतील, तर त्याचा हिशेब मांडणे समाजहिताचेच आहे.

चहाचे रसायन

थिअनिनचा शोध तसा जुना आहे. जपानमधील क्योटो परिसरातील 'ग्योकुरो' नावाच्या उंची हिरव्या चहातून १९४९ साली याजिरो साकातो या शास्त्रज्ञाने ते वेगळे केले. चहाच्या वाळलेल्या पानाच्या वजनात त्याचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के असते. चहाचे झुडूप हे आम्ल मुळांत तयार करते आणि ते पानांकडे वाहून नेले जाते. पानांवर ऊन पडले की त्याचे रूपांतर तुरट चवीच्या संयुगांत होऊ लागते. म्हणूनच ग्योकुरो किंवा 'माचा' यांसाठी वाढविल्या जाणाऱ्या झुडपांवर तोडणीपूर्वी काही आठवडे आच्छादन घालून सावली केली जाते. त्या चहाची गोडसर, मऊ चव बऱ्याच अंशी थिअनिनमुळे येते.

या आम्लाची रचना आपल्या मेंदूतील ग्लुटामेट या संदेशवाहक द्रव्याशी मिळतीजुळती आहे आणि ते रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचू शकते. ५० मिलिग्रॅम थिअनिन घेतल्यानंतर मेंदूतील 'अल्फा' लहरी वाढल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. जागेपणी पण निवांत असताना या लहरी अधिक दिसतात. 'शांत सावधपणा' हा जाहिरातींतील आवडता शब्दप्रयोग येथूनच आला.

येथे एक गोष्ट ग्राहकाला सहसा सांगितली जात नाही. कुपीतील थिअनिन चहाच्या मळ्यातूनच आलेले असते असे नाही. जिवाणूंपासून मिळविलेल्या विकराच्या साहाय्याने ते कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार करता येते आणि बाजारातील एका प्रसिद्ध जपानी उत्पादनाची पद्धत हीच आहे. त्यात गैर काही नाही, रेणू तोच असतो. मात्र वेष्टनावर छापलेली हिरवी पाने आणि 'निसर्गाची देणगी' ही भाषा यांकडे त्या बेताने पाहिले पाहिजे. शिवाय शुद्धतेचा प्रश्न उरतोच. अमेरिकेत २००४ साली 'एल-थिअनिन' म्हणून विकल्या जाणाऱ्या सहा नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी पाचांत त्याच रेणूचे आरशातील प्रतिमेसारखे असलेले, चहात प्रामुख्याने न आढळणारे रूपही मिसळलेले निघाले.

प्रयोग काय सांगतात?

थिअनिनचा काहीच उपयोग नाही, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण जाहिरातींतील दावा आणि प्रयोगांतील निष्कर्ष यांच्यात मोठे अंतर आहे. बहुतेक उल्लेखनीय निष्कर्ष एकट्या थिअनिनचे नसून थिअनिन आणि कॅफिन यांच्या जोडीचे आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४४ तरुणांना ९७ मिलिग्रॅम थिअनिन आणि ४० मिलिग्रॅम कॅफिन एकत्र देण्यात आले. एका कामावरून दुसऱ्या कामावर लक्ष वळविण्याच्या चाचणीत त्यांच्या उत्तरांची अचूकता वाढली आणि त्यांना अधिक तरतरी जाणवली. परंतु त्याच अभ्यासातील इतर अनेक चाचण्यांत फरक पडला नाही. दुसरा वारंवार उद्धृत होणारा अभ्यास २०१९ सालचा आणि जपानमधला. त्यात ३० निरोगी व्यक्तींनी रोज २०० मिलिग्रॅम याप्रमाणे चार आठवडे थिअनिन घेतले. ताण आणि झोप यांच्याशी निगडित काही गुणांकनांत सुधारणा दिसली. मात्र या व्यक्तींचे सरासरी वय ४८ च्या आसपास होते, विशी-पंचविशीचे परीक्षार्थी त्यात नव्हते.

थोडक्यात, प्रयोगांतील माणसे थोडी, कालावधी तासांचा किंवा आठवड्यांचा, परिणाम सौम्य आणि ठरावीक चाचण्यांपुरता. या क्षेत्रातील अनेक प्रयोगांना चहा किंवा थिअनिनच्या व्यवसायातील कंपन्यांचे साहाय्य लाभले आहे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. आणि संगणकाच्या पडद्यावरील अर्ध्या तासाच्या चाचणीत दिसलेला फरक राज्यसेवेच्या प्रश्नपत्रिकेतील गुणांत उतरतो, असे कोणी दाखवून दिलेले नाही.

नियामक संस्थांची भूमिकाही बोलकी आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली थिअनिन आणि आकलनशक्ती, मानसिक ताण व झोप यांच्या संबंधीचे दावे तपासले आणि कार्यकारणभाव सिद्ध होत नसल्याचे मत नोंदविले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली एका जपानी उत्पादनाच्या अन्नातील वापराबाबत, एका वेळी २५० मिलिग्रॅमपर्यंत, हरकत घेतली नाही. पण ही हरकत नसणे सुरक्षिततेपुरते होते, परिणामकारकतेचे ते प्रशस्तिपत्र नव्हे. विक्रेते या दोहोंची सोयीस्कर सरमिसळ करतात. निरोगी प्रौढांत अल्पकाळ घेतल्यास गंभीर दुष्परिणाम सहसा आढळलेले नाहीत, हे खरे. तरीही रक्तदाबाची किंवा झोपेची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्याच्या वाटेस जाऊ नये.

पेल्यातले आणि कुपीतले

पुणेकराला येथे साहजिकच प्रश्न पडेल, की मग आपला रोजचा चहा काय वाईट? चहाने या शहरात पूर्वीही वादळे उठवली आहेत. १८९० साली पंच हौद मिशनमधील चहापानावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्याची पाळी आली होती. ज्या पेयाच्या प्राशनाबद्दल एकेकाळी प्रायश्चित्ताची चर्चा झाली, ते पुढे राजस्थानातून आलेल्या कुटुंबांच्या 'अमृततुल्य' दुकानांतून या शहराचे जणू दैनिक कर्म बनले.

ब्रिटनमधील संशोधकांनी २०११ साली केलेल्या मोजणीनुसार २०० मिलिलिटर काळ्या चहाच्या पेल्यात सरासरी २४ मिलिग्रॅम थिअनिन सापडले, तर हिरव्या चहाच्या पेल्यात अवघे आठ. हिरव्या चहाच्या नावाने जादा पैसे मोजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. चहा अधिक वेळ मुरला की थिअनिन अधिक उतरते. थोड्या दुधाने फारसा फरक पडत नाही, मात्र पेल्यात ५० ते १०० मिलिलिटर दूध घातले तर मोजता येणारे प्रमाण घटते, असेही त्या मोजणीत आढळले. म्हणजे प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या २०० मिलिग्रॅमसाठी काळ्या चहाचे आठ मोठे पेले रिचवावे लागतील. आपला 'कटिंग' तर त्या पेल्याच्या निम्म्याहूनही कमी आणि त्यात दूध मुबलक. मावळपट्ट्यात घरोघरी वापरला जाणारा गवती चहा सुगंधी असतो, पण ते चहाचे झुडूपच नसल्याने त्याच्या पातीकडून थिअनिनची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

आठ पेले चहा हा अर्थातच उपाय नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे आणि चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. त्याच सूचनांत आणखी एक सल्ला आहे. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी घेऊ नये, कारण त्यातील टॅनिन अन्नातील लोह शरीरात शोषले जाऊ देत नाही. हा सल्ला वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः आपल्या विषयाचा गाभा तेथेच आहे.

तल्लखी हरवते कोठे?

डोके जड होणे, वाचलेले ध्यानात न राहणे, दुपारनंतर शब्द डोळ्यांपुढून नुसते सरकत जाणे, ही लक्षणे घेऊन जो तरुण थिअनिनच्या कुपीकडे वळतो, त्याच्या शरीरात थिअनिनची उणीव नसते. थिअनिन हे शरीराला आवश्यक असे पोषकद्रव्यच नाही. उणीव असलीच तर ती बहुधा दुसऱ्या कशाची तरी असते आणि त्याचा पुरावा आपल्याच राज्यात, किंबहुना पुणे जिल्ह्यातच उपलब्ध आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते, म्हणजे परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. देशपातळीवर याच वयोगटातील चारपैकी एका पुरुषातही रक्तक्षय आहे. लोहाच्या कमतरतेचा संबंध आपण थकव्याशी आणि बाळंतपणाशी जोडतो. मेंदूशी असलेला तिचा संबंध मात्र दुर्लक्षित राहतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोहाची कमतरता असलेल्या तरुण स्त्रियांना १६ आठवडे लोह देण्यात आले. ज्यांच्या शरीरातील लोहाचा साठा भरून आला, त्यांची अवधान, स्मरण आणि शिकण्याच्या चाचण्यांतील कामगिरी लक्षणीय सुधारली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रयोग बाजरीच्या भाकरीचा आहे. लोहाचे प्रमाण अधिक असलेले 'धनशक्ती' हे बाजरीचे वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाले. 'इक्रिसॅट' आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून ते आकारास आले. राज्यातील निवासी शाळांतील किशोरवयीन मुलांना सहा महिने अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी आणि शेव देऊन, साधी बाजरी खाणाऱ्या मुलांशी त्यांची तुलना करण्यात आली. १२ ते १६ वयोगटातील १४० मुला-मुलींच्या बौद्धिक चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांची अवधान आणि स्मरणशक्ती यांतील प्रगती अधिक होती. औषध नाही, कॅप्सूल नाही, ताटातील भाकरीचे केवळ वाण बदलले होते. एवढा स्पष्ट आणि आपल्या मातीतला निष्कर्ष असताना त्याची चर्चा अभ्यासिकांत होत नाही आणि थिअनिनची होते, हे जाहिरातीच्या सामर्थ्याचे द्योतक आहे.

दुसरी उणीव ब-१२ जीवनसत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष मांडले. त्यांतील ६७ टक्के पुरुषांत ब-१२ ची पातळी कमी होती आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वाधिक होते. याच संशोधकांच्या, जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासातून पुढे आणखी गंभीर बाब दिसली. गरोदरपणात ज्या मातांच्या शरीरात ब-१२ अत्यल्प होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर अवधान आणि अल्पकालीन स्मरण यांच्या चाचण्यांत मागे पडली. ब-१२ प्रामुख्याने दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. महिनोन्महिने खानावळीच्या पातळ आमटीवर आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्यास ते कितपत मिळत असेल, हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नाही.

तिसरी आणि सर्वांत स्वस्त गोष्ट झोप. दिवसभर वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो. रात्री दोनपर्यंत जागायचे, त्यासाठी संध्याकाळनंतर चहा-कॉफी घ्यायची, त्यामुळे झोप उथळ लागायची आणि दुसऱ्या दिवशीच्या ग्लानीवर उपाय म्हणून कुपी शोधायची, असे हे चक्र आहे. त्यातील एकही दुवा थिअनिनने तुटत नाही.

कायदा आणि अंमलबजावणी

आपल्याकडे अशी उत्पादने औषध म्हणून नव्हे, तर अन्न म्हणून विकली जातात. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ आणि त्याखालील पूरक आहारविषयक नियम (२०१६) त्यांना लागू होतात. वेष्टनावर 'हेल्थ सप्लिमेंट' असा उल्लेख आणि हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही अशी सूचना ठळकपणे असणे बंधनकारक आहे. परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापलेला असावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण औषधास ज्याप्रमाणे बाजारात येण्यापूर्वी परिणामकारकता सिद्ध करावी लागते, तशी कठोर कसोटी येथे नाही. शिवाय जाहिरात आता वर्तमानपत्रात किंवा दूरचित्रवाणीवर येतेच असे नाही. ती मार्गदर्शनपर चित्रफितींच्या मधोमध, एखाद्या यशस्वी उमेदवाराच्या दिनचर्येचा भाग बनून येते आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नजरेतून सहज निसटते. परीक्षार्थींना उद्देशून केल्या जाणाऱ्या 'स्मरणशक्ती' आणि 'एकाग्रता' यांच्या दाव्यांची स्वतंत्र छाननी आणि बाजारातील नमुन्यांची नियमित तपासणी, एवढे तरी या प्रशासनाने करावयास हवे.

दोष केवळ विक्रेत्यांवर ढकलूनही भागणार नाही. परीक्षार्थीचे मन अस्थिर ठेवणारी कारणे परीक्षा-व्यवस्थेतही आहेत. २५ ऑगस्ट २०२४ रोजी होणारी राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्वपरीक्षा बँक भरतीच्या परीक्षेच्या दिवशीच आल्याने शास्त्री रस्त्यावर उमेदवारांना आंदोलन करावे लागले. परीक्षा पुढे गेली आणि ती १ डिसेंबरला झाली. त्याआधी वर्णनात्मक पद्धत कधीपासून लागू करायची यावरून २०२३ च्या प्रारंभी असेच रस्त्यावर उतरावे लागले होते आणि अखेर ती २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. जिथे वेळापत्रकाची शाश्वती नाही, तिथे मनाच्या स्वास्थ्याची हमी एखादे अमायनो आम्ल कोठून देणार?

करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. 'अॅनिमियामुक्त भारत' योजनेत १९ वर्षांपर्यंतच्या मुला-मुलींना लोहाच्या गोळ्या मिळतात, पुढे स्त्रियांचाही समावेश आहे, पण विशीतील तरुण पुरुष कोणत्याच गटात बसत नाही. विंझरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांत प्रवेशाच्या वेळी आणि पुण्यातील मोठ्या अभ्यासिकांत वर्षातून एकदा हिमोग्लोबिनची तपासणी करणे आरोग्य खात्यास आणि महापालिकेस अशक्य नाही. समाजकल्याण वसतिगृहांच्या आहारात लोहयुक्त बाजरी, मोड आलेली कडधान्ये, अंडी किंवा दूध यांचा अंतर्भाव करण्यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलण्यास तर एक पैसाही लागत नाही.

ज्याचे रक्त तपासलेले आहे, जेवण नीट आहे, झोप पुरेशी आहे, अशा प्रौढाने डॉक्टरांच्या सल्ल्याने थिअनिन घेऊन पाहिले तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. त्याला थोडा फरक जाणवेल किंवा जाणवणारही नाही. पण ज्या मुलीचे हिमोग्लोबिन नऊवर आले आहे, तिच्या हाती अशी कुपी देणे म्हणजे तिचा खरा आजार आणखी काही महिने झाकून ठेवणे होय. गावाकडून आलेल्या पैशाने काय विकत घ्यावे, हा निर्णय शेवटी त्या मुलांचा आहे. तो जाहिरात पाहून नव्हे, तर रक्ताचा अहवाल पाहून घेतला जावा, एवढी व्यवस्था उभी करणे ही मात्र इतरांची जबाबदारी आहे.